नोकरी की स्वतःचा धंदा? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी १४ वर्षं पॅकिंग विभागात काम केलं. गेली पाच वर्षं फोंडा तालुक्यात, गावातच, पिठाची आणि मसाल्याची गिरण चालवतो. दळण ठेवून माणसं बाकड्यावर टेकतात आणि गप्पा हमखास याच विषयावर येतात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा, बसची वाट बघणारा तरुण विचारतो, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आलेला मुंबईचा भाचा विचारतो, निवृत्तीला टेकलेले शेजारीही विचारतात. तेच प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

नोकरी सोडून धंदा करावा का?

याला हो किंवा नाही म्हणायच्या आधी मी उलट एकच गोष्ट विचारतो: तुमची नोकरी महिन्याला नेमकी किती रुपयांची आहे? बहुतेक जण हातात येणारा आकडा सांगतात. तो चुकीचा असतो, आणि त्या चुकीच्या आकड्यावर धंद्याचं गणित मांडलं की पुढचं सगळंच चुकतं. म्हणून आधी खालचा प्रश्न वाचा.

माझा पगार २० हजार आहे. म्हणजे धंद्यात २० हजार सुटले की झालं ना?

नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० धरू. मालक तुमच्या पीएफमध्ये १२ टक्के भरतो. १५,००० च्या मर्यादेवर भरला तरी ते १,८०० झाले. पगार २१,००० पर्यंत असल्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू असतो, त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ६५०. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, तोही महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे वर्षाला साधारण ११,५३८ आणि महिन्याला ९६० च्या आसपास. कायम कामगाराला ती सलग ५ वर्षं झाल्यावर मिळते, पण साठत पहिल्या दिवसापासून असते. किमान बोनस ८.३३ टक्के, ७,००० च्या हिशेबाने धरला तरी महिन्याला ५८३.

बेरीज करा. वर जवळजवळ ४,००० रुपये होतात. तुमची नोकरी २४ हजारांची आहे. शिवाय आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा आणि ताप आला तरी न कापला जाणारा दिवस. गिरण एक दिवस बंद राहिली की त्या दिवसाचं दळण पलीकडच्या वाड्यावरच्या गिरणीत जातं, आणि त्यातली दोन गिऱ्हाइकं परत येत नाहीत.

उलट बाजूही खरी आहे. कंत्राटदारामार्फत काम करत असाल, पीएफ भरला जात नसेल, दर अकरा महिन्यांनी नवा कागद होत असेल, तर तुमची नोकरी २० हजारांचीच आहे, कदाचित कमीच. अशा माणसाला धंद्याकडे वळताना सोडायला फारसं काही नसतं. पासबुक पाहा. मोबाइलवर पीएफच्या नोंदी दिसतात, महिनाभराच्या भरण्याची खात्री करायला पाच मिनिटं पुरतात.

धंद्यात नफा होतोय हे ओळखायचं कसं? गल्ल्यात तर रोज पैसे दिसतात.

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

पहिल्या वर्षीचा माझा एक साधारण महिना सांगतो. दळणाचे आणि मसाल्याचे मिळून ५६,००० आले. वीज ११,०००, अर्धवेळ मदतनीस ८,०००, पट्टा, जाळी, दगड टाकवणं वगैरे ४,०००, कर्जाचा हप्ता ७,०००. उरले २६,०००. मी खूश होतो. नोकरीपेक्षा जास्त, आणि तेही स्वतःच्या गावात!

मग एका रात्री वहीत तीन ओळी वाढवल्या. माझा स्वतःचा पगार, म्हणजे सोडलेल्या नोकरीचे २४,०००. आई दुपारी दोन-अडीच तास गिरणीवर बसते, मिरचीचे देठ काढते. तिच्या जागी माणूस ठेवला असता तर किमान ४,०००. आणि ज्या खोलीत गिरण आहे ती बाहेरच्याला दिली असती तर भाडं ५,०००. झाले ३३,०००. हातात उरले होते २६,०००. म्हणजे दर महिन्याला ७,००० चा तोटा, आणि तो आईच्या कष्टांतून आणि वडिलांच्या भिंतींतून भरून निघत होता.

गोव्यातले कितीतरी छोटे धंदे असेच चालतात. घर वाडवडिलांचं, माणसं घरची, त्यामुळे खर्च दिसत नाही. खानावळीत पत्नी पहाटे चारला उठून नारळ किसते, तिचा रुपया कुठेच लिहिलेला नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मी स्वतः एक वर्ष तेच केलं. तेव्हा दर महिन्याला वहीत या तीन ओळी लिहा: माझा पगार, घरच्यांचा पगार, जागेचं भाडं. प्रत्यक्ष पैसे देता आले नाहीत तरी आकडा लिहा. त्यानंतर जे उरेल तोच नफा. नोकरीशी तुलना तेव्हाच करता येते.

त्या वहीमुळेच मी ठरवलं की नुसत्या दळणावर भागणार नाही. दुसऱ्या वर्षापासून स्वतः मिरची घेऊन मसाला करून पाकिटं विकायला लागलो. तिन्ही ओळी भरून वर काही उरायला तिसरं वर्ष उजाडलं.

सरकारी नोकरीची वाट पाहावी का?

वाट पाहण्याला तारीख लावा. बऱ्याच पदांना इथे ४५ पर्यंत वयोमर्यादा असते, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येत असल्यास उत्तम. आता परीक्षाही कर्मचारी भरती आयोगामार्फत होतात. अभ्यास जरूर करा. पण ४५ हा आकडा फसवा आहे. तो पंचविशीतल्या मुलाला वाटायला लावतो की अजून २० वर्षं आहेत. त्या काळात तो ना कुठे टिकून नोकरी करतो, ना हातात कला येते. दोन वर्षं ठरवा, सोबत काहीतरी काम करत राहा, आणि कोणी पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणाला तर त्याच्या दारात पाऊल टाकू नका. तेवढ्या पैशांत मसाला दळायचा एक पल्व्हरायझर आणि थ्री-फेज जोडणी होते.

जागा घरचीच आहे. मग अडचण काय?

घरची म्हणजे कोणाची, हे आधी बघा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा फॉर्म एक-चौदाचा उतारा काढा. त्यावर आजोबांचं नाव असेल, किंवा आजोबांच्या भावांची, किंवा अशा कोणाची जो १९७० साली मुंबईला गेला तो परत आलाच नाही. पंचायतीचा व्यापार परवाना, विजेची व्यावसायिक जोडणी, बँकेचं कर्ज, या सगळ्या ठिकाणी मालकीचा कागद आणि सहमालकांची संमती विचारली जाते. माझ्या गिरणीला यंत्रं येऊन चार महिने झाले तरी वीज नव्हती, कारण एका चुलत काकांची सही बाकी होती. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाला.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी सगळ्यांच्या सह्या घ्या. चवथीला सगळं घराणं एकत्र जमतं, त्याहून चांगली वेळ नाही. पण आरती झाल्यावर, जेवणं झाल्यावर, शांतपणे विषय काढा, आणि भाडं देणार असाल तर ते तिथेच सांगा.

माझं लग्न झालंय. धंदा माझ्या नावावर असला तर तो माझाच ना?

गोव्यात नाही. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि कुटुंबाच्या बाबतीत त्याची चौकट आजही टिकून आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, अर्धी-अर्धी. गिरण, दुकान, त्यासाठी घेतलेली जमीन, सगळ्यात दोघांचा वाटा. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणून बँकेत पहिल्या दिवशीच दोघांनी जा. जिची सही लागणार आहे तिला कर्ज किती, हप्ता किती, हे आधीच माहीत असलं पाहिजे.

वारसाचंही तसंच. दोघांतलं एक गेलं की अर्धं मागे राहिलेल्या जोडीदाराचं असतंच. उरलेलं अर्धं, म्हणजे गेलेल्याचा वाटा, वारसांकडे जातं, त्यात मुलगे आणि मुली समान. मृत्युपत्राने सगळं एकाच मुलाला लिहून देता येत नाही. मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्याचीच वाट आपल्या मर्जीने लावता येते. एकच मुलगा दुकानात राबत असेल तर त्याचा पगार वहीत लिहायचं हे आणखी एक कारण. पुढे वाटणी झाली तर त्याच्या दहा वर्षांच्या मेहनतीचा कुठेतरी हिशेब सापडतो.

याचा आयकरावर काही परिणाम होतो का?

होतो, आणि नोकरी आणि धंदा यांतला गोव्यापुरता सर्वांत मोठा फरक मला हाच वाटतो. तरीही तो फार थोड्यांना माहीत असतो.

ज्यांना हा सामाईक मालमत्तेचा कायदा लागू आहे अशा जोडप्याचं धंद्याचं, भाड्याचं, व्याजाचं उत्पन्न आयकरात दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीने हिशेब करून पाहू. धंद्याचा नफा २० लाख, पत्नीचं दुसरं उत्पन्न नाही. विभागणी झाली की दोघांचे १०-१० लाख. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट असल्यामुळे दोघांनाही कर शून्य. तेच २० लाख एकट्याच्या नावावर धरले असते तर २ लाख कर आणि वर उपकर. पगारदाराला, ७५ हजारांची प्रमाणित वजावट सोडली, तर असा कुठलाच मार्ग नाही.

पण हे दुधारी आहे. पत्नी शिक्षिका, तिचा वार्षिक पगार १० लाख, आणि तुमच्या दुकानाचा नफा ६ लाख. त्यातले ३ लाख तिच्या नावावर गेले, तिचे झाले १३ लाख. ७५ हजार वजा केले तरी १२ लाखांची रेघ ओलांडली, आणि जिला काल कर नव्हता तिला आज भरावा लागतो. तेव्हा दोघांचेही पॅन, दोघांचीही विवरणपत्रं आणि गोव्याचा हा नियम माहीत असलेला सीए, हे पहिल्या वर्षापासून हवंच. बाहेरच्या राज्यातून ऑनलाइन विवरणपत्र भरून देणारे लोक ही विभागणी दाखवायची विसरतात आणि मग नोटीस येते.

पीएफ काढून भांडवल करू का?

माझं ऐकाल तर नको. पीएफ म्हणजे म्हातारपणाची भाकरी; ती चुलीत घालून पहिली भाकरी भाजायची नाही. पीएफसोबतच्या पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. नववं वर्ष सुरू असेल तर दहावं पूर्ण करूनच राजीनामा द्या. १५,००० च्या मर्यादेवर १० वर्षांचं पेन्शन महिन्याला २,१४३ च्या आसपास बसतं. रक्कम लहान आहे, पण ५८ व्या वर्षानंतर दर महिन्याला येते.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पणजीच्या ईडीसीची, म्हणजे राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे. माझा अनुभव असा की कर्ज मिळण्यापेक्षा अंदाजपत्रक नीट लिहिणं अवघड जातं. यंत्राचं कोटेशन सगळे जोडतात, पहिल्या सहा महिन्यांचा घरखर्च कोणी लिहीत नाही. तो बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. हप्त्यासाठी मी अजूनही रोज पिग्मी, म्हणजे दारावर येऊन गोळा केली जाणारी रोजची छोटी ठेव, भरतो. संध्याकाळी पिग्मीवाला दारात आला की त्या दिवसाचे ३०० रुपये गेले, महिनाअखेरीला ओढाताण होत नाही.

स्वतःचा ट्रक, टॅक्सी किंवा जेसीबी घेतला की आपणच मालक, बरोबर?

गिऱ्हाईक किती आहेत त्यावर ठरतं. खाणपट्ट्याकडे बघा: डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा. खनिज वाहतुकीसाठी घराघरांत कर्जावर टिप्पर आले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मधल्या काळात काही सुरू झालं, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ज्यांना आपण पात्रांव, म्हणजे शेठ, म्हणत होतो त्यांच्या अंगणात टिप्पर गंजत उभे राहिले.

ही माणसं आळशी नव्हती, उधळी नव्हती. त्यांचं गिऱ्हाईक एकच होतं. एकाच ठिकाणाहून सगळं उत्पन्न येणारा माणूस खऱ्या अर्थाने नोकरच असतो, फक्त त्याला पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी नसते आणि हत्याराचं कर्जही त्याच्याच डोक्यावर असतं. एका हॉटेललाच मासे पुरवणारा, एकाच कंपनीचे कामगार ने-आण करणारा, सगळे याच होडीत. माझ्या मसाल्याचा निम्मा माल एकेकाळी एकाच हॉटेलात जायचा. स्वयंपाकघरातला मुख्य माणूस बदलला आणि ऑर्डर एका फोनवर थांबली. तेव्हापासून एका गिऱ्हाइकाला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल देत नाही.

उधारीचं काय करायचं?

गावातल्या उधारीवर माझ्याकडे औषध नाही. वही ठेवतो, चवथीच्या आधी एकदा आठवण करतो. कोणाच्या घरी अडचण असेल तर ती ओळ खोडतो.

कंपन्यांची आणि हॉटेलांची उधारी मात्र वेगळी. उद्यम नोंदणी करा. ती आधारवर, मोफत होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा आधार मिळत नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतो. माझ्या बिलावर ही ओळ छापलेली आहे. तक्रार करायची वेळ अजून आलेली नाही, पण ओळ छापल्यापासून पैसे लवकर येतात.

लगेच जीएसटी नोंदणी करावी लागते का?

वस्तू विकत असाल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत, सेवा देत असाल तर २० लाखांपर्यंत साधारणपणे नाही. राज्याबाहेर माल पाठवणार असाल किंवा ऑनलाइन विकणार असाल तर आधी सीएला विचारा. खाण्याच्या पदार्थांना अन्न सुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून लागते.

पावसाळ्यात काय?

किनाऱ्यावरचे धंदे ऑक्टोबर ते मेपर्यंत. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद, म्हणजे बर्फवाला, टेम्पोवाला, मासळीच्या खानावळी, सगळ्यांवर ताण. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये मसाल्याची झुंबड असते, लोक मिरच्या कडक उन्हात वाळवून आणतात. मग चवथीच्या आधीचे पंधरा दिवस, नेवऱ्या (करंज्या) आणि मोदकांची पिठं. जुलै कोरडा जातो, बाहेर कितीही पाऊस पडला तरी. पगारदाराचं वर्ष बारा समान तुकड्यांचं असतं, धंदेवाल्याचं नसतं. मे महिन्याचे पैसे मे महिन्याचे नव्हेत, त्यांतले निम्मे जुलैचे आहेत, हे अंगवळणी पडायला मला दोन पावसाळे लागले.

आजारपणाचं काय? ईएसआय तर जाणार.

जाणार. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आधी काढा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार त्यात येतात. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, आहेच. पण उपचाराचा खर्च निघाला तरी बंद दुकानाचे दिवस कोणी भरून देत नाही. गेल्या वर्षी माझा हात पट्ट्यात आला, अकरा टाके पडले आणि गिरण अठरा दिवस बंद राहिली. आता मदतनीसाला सगळी यंत्रं चालवता येतात.

घरचे म्हणतात, नोकरी सोडलीस तर लग्न जमणार नाही.

त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पगाराची स्लिप दाखवता येते, गल्ला दाखवता येत नाही. सलग दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मात्र दाखवता येतात. बँकेलाही तीच लागतात. ज्या मुलीला तुमच्यासोबत राहायचं आहे तिला वही दाखवा, तिन्ही ओळींसकट.

धंदा जमला नाही तर पुन्हा नोकरीत जाता येतं का?

येतं. आमच्या वाड्यावरचा एक जण दोन वर्षं बेकरीचा माल पोहोचवून पुन्हा कंपनीत गेला. आता तो स्टोअर सांभाळतो, कारण माल मोजणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तो रस्त्यावर शिकला होता. सोडताना कंपनीशी भांडू नका, नोटिशीचा काळ पूर्ण करा, अनुभवाचं पत्र आणि पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक, जपून ठेवा. नव्या नोकरीत तोच क्रमांक दिला की जुनी सेवा पुढे मोजली जाते.

आणि थांबायचं कधी, हेही मला विचारतात. त्या वहीतल्या तीन ओळी सलग अठरा महिने भरल्या नाहीत आणि त्या भरतील असा नवा मार्गही दिसत नसेल, तर यंत्राला अजून किंमत आहे तोवर ते विकावं. जुन्या पल्व्हरायझरला गिऱ्हाईक हवं असेल तर मार्चमध्ये शोधा, मसाल्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी.